घड्याळजी आणि प्रोफेसर

आपल्या जिल्ह्याच्या कचेऱ्यांतून फॅक्सचं यंत्र आता बहुतेक हद्दपार झालं आहे. पण त्याची मूळ कल्पना 1843 सालची, म्हणजे मुंबई-ठाणे आगगाडीच्याही 10 वर्षं आधीची! ती सुचली अलेक्झांडर बेन या घड्याळजीला. स्कॉटलंडच्या उत्तर टोकाच्या केथनेस परगण्यातल्या गरीब शेतकऱ्याचा हा मुलगा. विक गावी घड्याळाच्या दुकानात उमेदवारी करून 1837 साली लंडनला आला.

त्याचं यंत्र कसं होतं पाहा. इकडे धातूच्या अक्षरांवरून लंबकाला जोडलेली तार घासत जायची. अक्षराला टेकली की वीज वाहायची. तिकडे रसायनात भिजवलेल्या कागदावर दुसरा लंबक झुलत असायचा. वीज आली की तिथे डाग उमटायचा. एका झोक्याला एक ओळ. मात्र दोन्ही लंबक एकाच तालात हवेत. टाळकऱ्यांतल्या एकाने ताल सोडला तर भजनाचं काय होतं ते आपण जाणताच. सगळी मेख इथेच होती, आणि ती सोडवायला घड्याळजीच हवा होता.

विजेच्या घड्याळाचा शोध बेनने आधीच लावला होता, आणि तंटा पेटला तो त्याच्यावरूनच. 1840 च्या ऑगस्टात त्याने आपले नमुने किंग्ज कॉलेजातले नामांकित प्रोफेसर चार्ल्स व्हीटस्टन यांना दाखवले. ‘यात काही अर्थ नाही,’ असा सल्ला त्यांनी दिल्याचं सांगतात. आणि नोव्हेंबरात स्वतः प्रोफेसरांनीच रॉयल सोसायटीपुढे विजेचं घड्याळ मांडलं! बेनचं नशीब एवढंच, की त्याने ऑक्टोबरातच पेटंटचा अर्ज देऊन ठेवला होता. 11 जानेवारी 1841 ला पेटंट मिळालं. प्रोफेसरांनी हरकत घेतली, पण ती टिकली नाही.

पुढे 1846 साली तारकंपनीचा कायदा पार्लमेंटात आला, तेव्हा हे प्रकरण उमरावांच्या सभेपुढे गेलं. दोघांच्याही जबान्या झाल्या. शेवटी कंपनीला बेनशी तडजोड करून त्याला भरपाई द्यावी लागली. माझ्या मते व्हीटस्टन यांची विद्वत्ता थोर. या व्यवहारात मात्र ते घड्याळजीपुढे उणे पडले.

पैसा काही टिकला नाही. अमेरिकेत मोर्सबरोबर पुन्हा पेटंटचा झगडा झाला. तिथेही 1849 साली निकाल बेनच्या बाजूने लागला, पण एकंदर दाव्यांत त्याची कमाई गेली. उतारवयात तो परत घड्याळंच दुरुस्त करी. 1873 साली सरकारने त्याला वर्षाला 80 पौंडांचं पेन्शन बांधून दिलं. 2 जानेवारी 1877 ला तो वारला.