कोळवण खोऱ्यातील जात्यावरचा इतिहास

आपल्या धर्मग्रामांच्या कचेऱ्यांत जुन्या नोंदवह्या जपून ठेवलेल्या असतात. त्रेंतच्या धर्मपरिषदेने १५६३ साली विवाहाची व स्नानसंस्काराची नोंद ठेवणे धर्मगुरूंवर बंधनकारक केले आणि तेव्हापासून जगभरच्या कॅथलिक कुटुंबांना आपल्या पणजोबांचे नाव व लग्नाची तारीख शोधण्याची सोय झाली. त्या वह्या चाळताना आम्हांला नेहमी एक गोष्ट जाणवते. बाळ कधी जन्मले हे त्यांत सापडते. बाळंतीण किती रात्री तळमळली हे सापडत नाही. मुलगी कोणत्या गावी दिली हे कळते. ती वेशीपाशी मागे वळून पाहत होती की नाही, हे कळत नाही. घर म्हणून जे काही असते ते बहुतेक सारे या दोन नोंदींच्या मधल्या कोऱ्या जागेत राहून जाते.

पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्यात एका डोंगरी खोऱ्याने ही कोरी जागा भरून काढली आहे. पौडच्या पुढे एक रस्ता मुळशीच्या धरणाकडे जातो आणि दुसरा कोळवणकडे वळतो. वळकी नदीच्या या खोऱ्यात चाले, नांदगाव, भालगुडी, हाडशी अशी लहान लहान गावे आहेत. दोन्ही बाजूंना डोंगराच्या सोंडा, उत्तरेस मावळच्या हद्दीत तिकोना किल्ला, खाली भाताची खाचरे आणि वर उतारावर नाचणी-वरीची शेते. आज पुण्यामुंबईचे लोक या बाजूस येतात ते चिन्मय मिशनच्या 'चिन्मय विभूती'साठी किंवा सुट्टीत डोंगर पाहण्यासाठी.

लिखित इतिहासात मुळशीचे नाव ठळकपणे येते ते १९२१ सालच्या सत्याग्रहामुळे. टाटा कंपनीच्या धरणाखाली जमिनी जाऊ नयेत म्हणून सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी तीन वर्षे लढा दिला आणि अखेर धरण झालेच. त्या लढ्यावर ग्रंथ आहेत आणि ते असायलाच हवेत. परंतु शेजारच्या कोळवण खोऱ्यात पाणी शिरले नाही, म्हणून तिथे इतिहासही शिरला नाही असे थोडेच आहे? तिथे माणसे जन्मली, नांदली, रुसली, हसली, आणि पहाटेच्या अंधारात तिथल्या बायकांनी हे सारे शब्दांत बांधून ठेवले. आपण काही जपून ठेवत आहोत, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हते. घरात भाकरीला पीठ हवे होते, म्हणून त्या दळत होत्या.

ज्यांनी जाते फक्त अंगणाच्या कोपऱ्यात उपडे पडलेले पाहिले आहे, अशा तरुण वाचकांसाठी थोडे सांगणे भाग आहे. दगडाच्या दोन तळ्या. खालची स्थिर, वरची फिरती. वरच्या तळीच्या कडेला लाकडी खुंटा, मध्यभागी तोंड. त्या तोंडात मूठमूठ दाणे टाकायचे, त्याला वैरण घालणे म्हणतात. समोरासमोर दोघी बसल्या की खुंटा दोघींच्या हातात येई आणि ओढ हलकी होई. दळून दळून दगड गुळगुळीत झाला की टाकीवाल्याकडून त्याला टाकी घालून घ्यावी लागे. हे काम कोंबडा आरवण्यापूर्वीचे, कारण उजाडल्यावर पाणी, शेण, भाकरी, शेत अशी रांगच लागलेली असे. पावसाळ्यात तर हाल विचारू नयेत. दिवसभर इरले पाठीवर घेऊन चिखलात भाताचे आवण लावायचे, सरपण ओले, दाणे सर्दावलेले आणि जाते जड. या जडपणावरच ओवी जन्मली. हात ओढत असताना श्वासाला जी लय येते, तिच्यावर दोन ओळी बसतात. एकीने पहिली ओळ म्हणावी, दुसरीने ती उचलावी.

पवित्र शास्त्र वाचणाऱ्यांना हे जाते परके वाटू नये. कर्जदाराचे जाते गहाण ठेवून घेऊ नये, कारण ते त्याचा जीवच गहाण घेण्यासारखे आहे, असा दंडक अनुवाद ग्रंथाच्या २४ व्या अध्यायात आहे. निर्गम ग्रंथात मिसरातील सर्वांत हीन अवस्थेतील स्त्री दाखवायची झाली तेव्हा शास्त्रकाराला जात्यामागे बसलेली दासी आठवली. प्रभू येशूने अंतिम काळाविषयी बोलताना एकाच जात्यावर दळणाऱ्या दोघींचा दाखला दिला, एक घेतली जाईल, दुसरी राहील. गालिलातील पहाट आणि कोळवणची पहाट यांत आवाज एकच होता, घरघर. आणि पवित्र मरिया लगबगीने डोंगराळ प्रदेशात एलिझाबेथकडे गेली, तेव्हा त्या दोघींचे बोलणे कशाविषयी होते? पोटातल्या बाळांविषयीच.

या खोऱ्यातल्या, किंबहुना साऱ्या मावळपट्ट्यातल्या ओव्यांतून जो संसार दिसतो, त्यात सर्वांत मोठा आनंद आहे तो भाऊ भेटीला येण्याचा. भाऊ येणार म्हटले की बहिणीला दारातली वाटही सुंदर दिसू लागते. त्याने आणलेल्या चोळीच्या खणापेक्षा, सासरच्या माणसांनी ते पाहिले, याचे अप्रूप अधिक. डोंगरी मुलखात ही भेट सोपी नव्हती. श्रावणात सखल प्रदेशातल्या मुली नागपंचमीला माहेरी जातात. इथे मात्र मधला ओढा फुगलेला असायचा आणि पलीकडचे माहेर धुक्यात दिसत असूनही दूरच राहायचे. कासार बांगड्या घेऊन आला की त्याचे कौतुक होई, तान्हे बाळ पालथे पडले की त्याचेही. लग्न निघाले म्हणजे जात्याला हळद लावून, सुवासिनींना बोलावून पहिले दळण होई आणि त्या दिवशी ओव्यांना ऊत येई. हसण्याच्या जागाही पुष्कळ आहेत. आळशी जाऊ, खादाड दीर, नटवी शेजारीण, कोणालाच सुटका नसे. ओवीत नाव घेतलेले नसायचे. पण घरात ते कोणाला लागले हे साऱ्यांना कळायचे. सासू अंथरुणात जागी असे आणि ऐकूनही न ऐकल्यासारखे करी. आम्हांला वाटते, कित्येक घरांतली भांडणे या एका सोयीमुळे भांड्यांपर्यंत पोहोचली नाहीत.

अपघातांची यादी करू म्हटले तर संपणार नाही. मोटारीचा रस्ता होण्यापूर्वी आजाऱ्याला झोळीत घालून चौघांनी उतार उतरायचा. रानात विंचू-सर्पाचे भय होते, आणि पावसात भिंत खचण्याचेही. १९७२ च्या दुष्काळाने तर उभ्या महाराष्ट्राची चूल विझवली. पण ओवीतले सर्वांत खोल दुःख या आपत्तींचे नाही. ते आईच्या मरणाचे आहे. आई गेली की माहेर गेले. भावजयीच्या घरात लेक पाहुणी होते. त्यानंतर येते मूल नसल्याचे दुःख, सवत आल्याचे, नवऱ्याच्या दारूचे आणि माराचे. डोंगरातली शेती पोटाला पुरेना म्हणून मुळशी-मावळातले पुरुष मुंबईला गेले. गिरण्यांत, गोदीत, हमालीत त्यांनी घाम गाळला. मुंबईचे डबेवालेही बहुतांशी याच मावळ-मुळशी ते जुन्नरपर्यंतच्या पट्ट्यातले. गावी राहिली ती बायको, म्हातारी माणसे आणि मनिऑर्डरची वाट. त्या वाटेकडे लागलेले डोळे कोणत्याही सरकारी कागदात नाहीत. जात्यावर मात्र आहेत.

हे सारे ती कोणाला सांगत होती? दिवसा, माणसांसमोर, यातले एक अक्षर उच्चारण्याची तिला मुभा नव्हती. जात्याला सांगितले तर ते मर्यादेबाहेरचे नव्हते. आपल्याकडे मन मोकळे करण्यासाठी प्रायश्चित्त संस्काराची कृपा आहे. तिचा गुरू दगडाचा होता, तो प्रायश्चित्तही देत नसे आणि उपदेशही करीत नसे. आणि सर्व घरे एकसारखी नव्हती, हेही विसरता येत नाही. गावकुसाबाहेरच्या दलित बायकांच्या जात्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर घरच्या माणसासारखे येतात, कधी भाऊ होऊन, कधी पाहुणे होऊन. ज्यांच्या घरी कोणी मानाने पाहुणा येत नव्हता, त्यांनी तो आपल्या ओवीत आणला. अशा ओव्यांच्या गायिकांत नांदगावच्या बायकाही आहेत.

ओवीचे हे सामर्थ्य आपल्या धर्मपूर्वजांनी फार पूर्वी ओळखले होते. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले आणि १६१६ साली राशोलच्या छापखान्यातून त्यांचे 'क्रिस्तपुराण' बाहेर पडले, ते ओवीबद्ध. इंग्लंडात जन्मलेल्या या येशूसंघीयाला लॅटिनचे छंद मुखोद्गत असणार. तरी प्रभूचे चरित्र मराठी माणसाच्या घरात पोहोचवायचे तर ओवीच्याच पायांनी, हे त्यांना उमगले. प्रा. शांताराम बंडेलू यांनी १९५६ मध्ये ते देवनागरीत आणले, तेव्हा कुठे ते सर्वसामान्य वाचकाच्या हाती आले. अर्थात ग्रंथांतली ओवी आणि बायकांची ओवी या बहिणी असल्या तरी एकीला पाटावर बसवले गेले आणि दुसरी जात्याशीच राहिली. साने गुरुजींनी 'स्त्रीजीवन'मध्ये आणि पुढे सरोजिनी बाबरांनी लोकसाहित्य समितीमार्फत तिला आदराने घरात घेतले, हे त्यांचे ऋण.

कोळवण खोऱ्यासारख्या गावांतल्या ओव्यांचे ऋण मात्र आणखी दोघांचे आहे. गी पॉइटवाँ हे मूळचे फ्रान्सचे. १९७२ साली ते भारतात आले आणि पुण्याचेच होऊन गेले. हेमा राईरकर या पुण्यातल्या अभ्यासक. मुळशी-मावळच्या डोंगरांत 'गरीब डोंगरी संघटने'च्या कामानिमित्त दोघे गावोगाव हिंडत होते. प्रश्न होते पाण्याचे, रेशनचे, जमिनीचे. बायकांच्या बैठकीत मात्र असा अनुभव येई की समोरून प्रश्न विचारला की सगळ्या गप्प, आणि ओवीचा विषय निघाला की तीच गोष्ट धडाधड बाहेर येई. तेव्हा त्यांनी ओव्या लिहून घ्यायला सुरुवात केली. काम केले ते मुख्यतः गावातल्याच कार्यकर्त्या बायकांनी. परक्या संशोधकाला जे सांगितले नसते, ते सासूने सुनेला आणि शेजारणीने शेजारणीला सांगितले. १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल यांनी ध्वनिमुद्रणाची जोड दिली. हळूहळू हे काम डोंगर उतरून महाराष्ट्रभर पसरले. हजारांहून अधिक गावे, तीन हजारांहून अधिक गायिका, आणि एक लाखाहून अधिक ओव्या. प्रत्येक ओवी विषयवार लावलेली. त्यातूनच १९९६ साली पॉइटवाँ आणि राईरकर यांचा 'स्टोनमिल अँड भक्ती' हा ग्रंथ आला. ज्या देशात तत्त्वज्ञान म्हणजे स्वामींचे बोलणे असे धरले जाते, तिथे दळणाऱ्या बाईचेही एक तत्त्वज्ञान आहे, ही गोष्ट त्यांनी मांडली.

या सगळ्यावर गिरणीची सावली होती. डिझेलच्या इंजिनाची गिरणी डोंगरात पोहोचली आणि जाते थांबले. इथे आमच्या काही मित्रांना हळहळ वाटते. आम्हांला ती पुरती पटत नाही. जात्याने बायकांचे खांदे आणि छाती झिजवली, बाळंतपणानंतर पुरता विसावाही मिळू दिला नाही. गिरणीचे पहिले गरम पीठ घरी आणणाऱ्या बाईला जो आनंद झाला असेल, तोही कौटुंबिक आनंदांच्या याच इतिहासात मांडला पाहिजे. गमावले ते वेगळेच. दोघींनी समोरासमोर बसायची ती पहाटेची तासभराची जागा गेली. गिरणीच्या रांगेत बोलणे होते, पण इंजिनाच्या आवाजात ते ओरडून करावे लागते, आणि ओरडून सांगण्यासारखे ते दुःख नव्हते.

वसईच्या लग्नघरांत आणि नगर-संगमनेरकडच्या आपल्या वस्त्यांत जुन्या बायका जी गाणी म्हणत, त्यांचे काय झाले, हा प्रश्न आम्ही अनेक घरांत विचारला. बहुतेक ठिकाणी उत्तर मिळाले ते असे: आजीला येत होती. किती, कोणती, कोणाविषयी, याला उत्तर नसते. आजीचे नाव नोंदवहीत आहे, स्नानसंस्काराची तारीख आहे, दफनाचीही आहे.

गी पॉइटवाँ २००४ साली वारले, हेमा राईरकर २०१० साली. त्यांनी जमवलेला ठेवा 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया' या संस्थेने पुढे हाती घेतला आणि २०१७ पासून या ओव्या लेखासह व आवाजासह सर्वांसाठी प्रसिद्ध होऊ लागल्या. त्या निमित्ताने संस्थेची माणसे पुन्हा त्या गावांत गेली, तेव्हा गायिकांपैकी काही जणी हयात नव्हत्या. ज्या होत्या, त्यांच्यापैकी कित्येकींच्या घरात जाते चालते राहिलेले नव्हते, तरी हातांना खुंट्याची सवय होती आणि ओवी ओठांवर होती. संग्रहात ओवीबरोबर गाणारीचे नाव आणि गाव दिलेले आहे, आणि त्या यादीत मुळशी तालुक्यातले नांदगाव वारंवार भेटते.