करवंटीचा कोळसा आणि पाण्यातील धातू

नारळातील खोबरे काढून घेतले की करवंटीचे मोल संपले, असे आपण धरून चालतो. फार तर ती बंबात जळते. परंतु याच करवंटीचा कोळसा पाण्यात विरघळलेले सोने वेचून काढतो. त्याचा हा गुण माणसाला कसा उमगत गेला, याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

इ. स. १७८५ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथील टोबियास लोव्हिट्स या औषधिशास्त्रज्ञाला असे आढळले की, टार्टारिक आम्लाच्या तपकिरी द्रावणात कोळशाची पूड घातली असता त्याचा रंग नाहीसा होतो. नासलेल्या पाण्याची दुर्गंधीही कोळशाने जाते, हे त्यानेच दाखविले. पुढे साखरेच्या कारखान्यांनी रस स्वच्छ करण्यासाठी हाडांचा कोळसा वापरात आणला.

दुसरा धडा रणांगणावर मिळाला. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधील ईप्र येथे जर्मन सैन्याने क्लोरीन वायू सोडला आणि सैनिकांसाठी मुखवटे तयार करणे निकडीचे झाले. करवंटीचा कोळसा कठीण असून त्याची छिद्रे अतिशय सूक्ष्म असतात. म्हणून तो या कामी विशेष उपयोगी ठरला. करवंट्या अपुऱ्या पडू लागल्या तेव्हा, १९१८ मध्ये, अमेरिकेत घरोघरून पीच फळाच्या बिया आणि कठीण कवचे गोळा करण्यात आली. असा कोळसा वाफेच्या झोतात सुमारे ८०० ते १००० अंश सेल्सिअस उष्णतेवर तापविला की त्याची असंख्य छिद्रे मोकळी होतात. हाच सक्रिय कोळसा. त्याच्या एका ग्रॅमचा अंतर्भाग पसरला तर तो सुमारे १००० चौरस मीटर भरेल!

तिसरा अध्याय सोन्याचा. १८८७ मध्ये ग्लासगो येथे मॅकआर्थर आणि फॉरेस्ट बंधू यांनी सायनाइडच्या पाण्यात सोने विरघळविण्याची कृती शोधली. कोळसा त्या द्रावणातील सोने धरून ठेवतो, हे लवकरच लक्षात आले; पण ते परत मिळविण्यासाठी कोळसाच जाळावा लागे. १९५० च्या सुमारास अमेरिकेच्या खाण विभागातील झाड्रा यांनी ते सोने उष्ण, क्षारयुक्त द्रावणाने धुऊन काढण्याची रीत बसविली आणि कोळसा पुन्हा वापरता येऊ लागला. १९७३ मध्ये साउथ डाकोटातील होमस्टेक खाणीत ही पद्धत मोठ्या प्रमाणावर सुरू झाली.

मग जो कोळसा सोने पकडतो, तो पिण्याच्या पाण्यातील शिसेही पकडेल ना? येथेच सावध राहावयास हवे. सायनाइडशी जोडलेले सोने कोळशाला सहज चिकटते. शिसे किंवा कॅडमियम यांचे धनभारित कण मात्र पाण्याच्या रेणूंनी वेढलेले असतात. साध्या कोळशाकडे ते तितकेसे वळत नाहीत. म्हणून कवचाच्या कोळशावर आम्लाची प्रक्रिया करून त्याच्या पृष्ठभागावर प्राणवायूयुक्त गट निर्माण करतात. हे गट धातूला धरून ठेवतात. पाणी फार आम्लधर्मी असेल तर तेथेही हायड्रोजनचे कण आधीच जागा अडवून बसतात.

जपानमधील मिनामाटा येथे पाऱ्याच्या विषबाधेने झालेला रोग १९५६ मध्ये उघडकीस आला. त्या उपसागराचे पाणी पाहून कोणालाही त्यातील विषाची शंका आली नसती. विरघळलेल्या धातूला रंग अगर वास असेलच असे नाही. उकळल्यानेही तो जात नाही. तेव्हा कोळशातून गाळलेल्या पाण्याचा वास गेला एवढ्यावरून ते निर्धोक झाले, असे समजणे धोक्याचे आहे. त्याचा निर्णय प्रयोगशाळेतील परीक्षणानेच व्हावयास हवा.

आणखी एक गोष्ट. कोळसा विषाचा नाश करीत नाही, ते केवळ साठवून ठेवतो. त्याची धारणशक्ती संपली की तो बदलावा लागतो. आणि धातूने भरलेला कोळसा विहिरीच्या काठी टाकला, तर पकडलेला चोर आपणच पुन्हा घरात सोडल्यासारखे होईल. करवंटीचे मोल मोठे आहे खरे. परंतु तिच्यावर टाकलेला भार कोठे नेऊन उतरवावयाचा, हे ठरविणे माणसाच्याच हाती आहे.