साष्टी बेटाचा नाका

डोंबिवलीहून निघालेली लोकल कळवा सोडून खाडीपुलावर चढते, तेव्हा आपण एका बेटावर येतो आहोत हे डब्यातल्या कुणाच्या मनातही येत नाही. नकाशा मात्र तेच सांगतो. उत्तरेला उल्हास नदी आणि वसईची खाडी, पूर्वेला ठाण्याची खाडी, पश्चिमेला अरबी समुद्र आणि मधोमध साष्टी. ठाणे, मुलुंड, बोरिवली, वांद्रे बेटावर; कळवा, मुंब्रा, दिवा, डोंबिवली, कल्याण मुख्य भूमीवर. उष्ण कटिबंधातल्या बेटाला शोभेल असे सगळे इथे आहे: ताडामाडाच्या वाड्या, जंगल, तळी, लेणी, खाडीतले रोहित पक्षी. लोक मात्र बेट बघायला अंदमानचे विमान पकडतात.

बेटावर यायचे तर होडीने यावे लागते किंवा पुलावरून. वाट ठरलेली असली की तिच्या तोंडाशी कुणीतरी वसुलीला बसतोच. साष्टीच्या नाक्यावर बसणारे गेल्या दोन हजार वर्षांत अनेकदा बदलले, नाका हलला नाही.

सगळ्यात जुन्या पाहुण्यांनी दिलेले पैसे दगडात कोरलेले आहेत. कान्हेरीच्या डोंगरात शंभरावर लेणी आहेत आणि तिथल्या ब्राह्मी लेखांत कल्याणच्या दात्यांची नावे पुन्हापुन्हा येतात. कल्याण तेव्हा परदेशी जहाजांना ठाऊक असलेले बंदर होते. पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासवर्णनातही त्याचा उल्लेख आहे. तिथले व्यापारी, सोनार, लोहार खाडी ओलांडून येत आणि लेणे खोदायला, पाण्याची पोढी करायला, बसायचा ओटा घडवायला पैसे देत. हा खर्च कुणी मागितलेला नव्हता आणि तो जागेवरच जिरला. डोंगरउतारावर खडकात खोदलेल्या त्या टाक्यांत आजही पावसाचे पाणी साठते. देणाऱ्याचे नाव, त्याचे गाव, त्याने काय दिले, सारे भिंतीवर. नाक्यावरच्या पावतीवर एवढे कधी मिळाले नाही.

त्याच डोंगरात, आज ९० क्रमांक दिलेल्या लेण्यात, वेगळ्याच लिपीतला मजकूर आहे. इ. स. १००९ आणि १०२१ या वर्षांत इथे येऊन गेलेल्या पारशी मंडळींनी आपली आणि आपल्या वडिलांची नावे पहलवी लिपीत तिथे कोरून ठेवली. ना दान, ना नवस. फक्त कोण आले आणि कधी आले. पर्यटकाने भिंतीवर नाव कोरण्याला आज दंड होतो. हजार वर्षे टिकले की त्याच खोडीचा अभ्यास होतो!

तेराव्या शतकात मार्को पोलोने ठाण्याबद्दल जे लिहिले त्यात हिशेब रोकडा आहे. इथून कातडी आणि सुती कापड जाते, पण किनाऱ्यावर चाचे आहेत, आणि राजाचा त्यांच्याशी करार आहे: लुटीतले घोडे राजाचे, बाकीचा माल चाच्यांचा. अरबस्तानातून घोडे जहाजाने यायचे आणि त्यांची किंमत मोठी असायची. राजाने जकातीच्या कटकटीत न पडता थेट घोडेच घेतले. एप्रिल १३२१ मध्ये तर चार फ्रान्सिस्कन धर्मोपदेशकांनी ठाण्यात येण्याची किंमत प्राणांनी मोजली. पुढे ओदोरिक नावाचा त्यांच्याच पंथाचा प्रवासी इथे आला, त्याने त्यांच्या अस्थी गोळा केल्या आणि चीनपर्यंत नेल्या. जाता जाता त्याने ठाण्याच्या उंदरांचीही नोंद केली. ते कुत्र्यांएवढे मोठे असतात, मांजरांचे त्यांच्यापुढे काही चालत नाही, म्हणून त्यांना कुत्रेच पकडतात, असे तो लिहितो. घुशी पाहिलेल्या ठाणेकराला यात अतिशयोक्ती थोडीच वाटेल.

१५३४ च्या तहाने वसईबरोबर साष्टीही पोर्तुगीजांकडे गेली आणि नाक्याला शिस्त आली. सुमारे एकशे तीस वर्षांनी इंग्रज मुंबईत बसले तेव्हा त्यांची मोठी अडचण हीच होती की कल्याणकडून होडीने येणारे धान्य आणि लाकूड ठाण्यावरून आणायचे, आणि तिथे पोर्तुगीज जकात घ्यायचे. मुंबईकरांच्या ताटातला भात ठाण्याच्या खाडीत महाग होत होता. त्यावरून दोन्ही बाजूंत वर्षानुवर्षे पत्रापत्री आणि चकमकी चालल्या.

या काळात नेमक्या याच वाटेने गेलेला एक प्रवासी आहे, जॉन फ्रायर. ईस्ट इंडिया कंपनीचा हा डॉक्टर १६७५ मध्ये जुन्नरच्या मोगल अधिकाऱ्याच्या बोलावण्यावरून निघाला. मुंबई इंग्रजांची, ठाणे पोर्तुगीजांचे, कल्याण शिवाजी महाराजांकडे आणि जुन्नर मोगलांचे. आज मासिक पासावर उरकणाऱ्या मुंबई-कल्याण अंतरातच त्याला तीन राज्ये लागली. ठाण्याच्या खाडीतून जाताना त्याला काठावर पोर्तुगीज सरदारांचे वाडे दिसले आणि कल्याणात पडक्या इमारतींचे भव्य अवशेष. पुढे वीस वर्षांनी, १६९५ मध्ये, इटालियन प्रवासी जेमेली करेरी साष्टीत आला आणि कान्हेरीचे सविस्तर वर्णन लिहून गेला. म्हणजे इतिहासात रस घेऊन, निव्वळ बघायला म्हणून येणारा पर्यटक साष्टीला निदान तेव्हापासून ठाऊक आहे.

१७३७ मध्ये चिमाजी आप्पांच्या मोहिमेत ठाण्याचा किल्ला मराठ्यांनी घेतला. तलावपाळीजवळच्या कौपिनेश्वराचे मंदिर १७६० मध्ये सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकरांनी बांधवून घेतले. १७७४ च्या डिसेंबरात किल्ला इंग्रजांच्या हाती गेला आणि कालांतराने तिथे तुरुंग झाला. आजही आहे. बेटावरची ही एकच जागा अशी की आत जायला पैसे पडत नाहीत, बाहेर यायला पडतात.

इंग्रजांनी बेटे एकमेकांना जोडायला घेतली. शीवचा बांध एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पुरा झाला आणि त्यावर टोल बसला. तो पुढे उठवावा लागला. माहीमची खाडी मात्र १८४५ पर्यंत होडीनेच ओलांडावी लागे, आणि पावसाळ्यात माणसे बुडत. तिथल्या पुलासाठी सर जमशेटजी जीजीभाईंच्या पत्नी आवाबाईंनी १,५७,००० रुपये दिले. अट एकच घातली, की वापरणाऱ्याकडून टोल घ्यायचा नाही. कान्हेरीच्या कल्याणकर दात्यांनंतर साष्टीच्या वाटेवर पदरचे पैसे घालणारी माणसे फारशी आठवत नाहीत. त्यामुळे ही बाई उठून दिसते.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी आली. १४ डबे, सुमारे ४०० निमंत्रित पाहुणे, २१ तोफांची सलामी आणि ठाण्यात तंबू ठोकून फराळाची सोय. ठाण्याला येणे त्या दिवशी समारंभ होता. नंतर नियमित गाड्या सुटल्या तेव्हा तिसऱ्या वर्गाचे तिकीट ५ आणे ३ पै ठरले, म्हणजे मैलाला ३ पै. पहिल्या वर्गाला २ रुपये १० आणे, आठपट. एकाच गाडीत एवढी तफावत. १ मे १८५४ रोजी खाडीवरून रूळ कल्याणला पोहोचले, आणि होडीला, भरतीला, तरीवाल्याला धरून चाललेला बेटाचा व्यवहार संपायला लागला.

तिथून पुढे पाहुणा बदलला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईत जागेची पागडी आवाक्याबाहेर गेली आणि गिरगाव, दादर, परळच्या चाळींतली मराठी कुटुंबे ठाण्याला, मग खाडीपलीकडे डोंबिवली-कल्याणला गेली. बेटावर राहणे परवडेना म्हणून माणूस मुख्य भूमीवर राहू लागला आणि रोज सकाळी बेटाचा पाहुणा म्हणून परत येऊ लागला. त्याला लेणी बघायची नसतात, ८.१२ ला लटकायचे असते.

रस्त्याने येणाऱ्यासाठी नाका पुन्हा उभा राहिला. मुलुंडला जकात नाका होताच. तो १ जुलै २०१७ रोजी जीएसटीबरोबर गेला. उड्डाणपुलांचा खर्च भरून काढायला २००२ पासून वाशी, ऐरोली, दहिसर आणि मुलुंडचे दोन अशा पाच ठिकाणी टोल सुरू झाला. गंमत अशी की ठाणे आणि मुलुंड यांच्यामध्ये खाडी नाही, दोन्ही साष्टीवरच आहेत. तरी मुलुंडला डॉक्टरकडे जाणारा ठाणेकर एकाच बेटावरच्या एकाच रस्त्यावर पैसे मोजत होता. इतकी हिंमत पोर्तुगीजांनीही केली नव्हती. ऑक्टोबर २०२३ मध्ये मोटारीचा दर ४० वरून ४५ रुपये झाला तेव्हा ठाण्यात आंदोलन पेटले. पुढच्या वर्षी, विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून हलक्या वाहनांना टोल माफ झाला. अवजड मालमोटारी भरतातच.

सहलीला म्हणून येणाऱ्याचाही खर्च वाढला आहे. कान्हेरीचे पुरातत्त्व खात्याचे तिकीट २०१६ पर्यंत ५ रुपये होते, मग १५ झाले, २०१८ मध्ये २५. राष्ट्रीय उद्यानाचा प्रवेश वेगळा, आतल्या बसचे वेगळे. तरी चौघांच्या कुटुंबाला नुसते कान्हेरीचे तिकीट एखाद्या मॉलमधल्या पॉपकॉर्नपेक्षा स्वस्तच पडते. गर्दीच्या रविवारी पोढ्यांजवळ उभे राहून लेख शोधणारा मात्र विरळाच.

महाग झाले आहे ते रोजच्या पाहुण्याचे येणे. ९ जून २०२५ रोजी सकाळी मुंब्र्याच्या वळणावर, खाडीपूल लागण्याआधीच, दोन भरगच्च लोकल एकमेकींजवळून जाताना दारातली माणसे खाली पडली आणि किमान चौघांचा जीव गेला. त्यानंतर साध्या लोकलनाही आपोआप बंद होणारे दरवाजे बसवण्याची घोषणा रेल्वेने केली. असे दरवाजे वातानुकूलित लोकलला पहिल्यापासून आहेत. तिचे तिकीट मे २०२२ मध्ये निम्म्यापर्यंत उतरवले, तरी ५ रुपयांपासून सुरू होणाऱ्या साध्या तिकिटाच्या ते कित्येक पट आहे. डोंबिवलीच्या फलाटावर ती गाडी लागली की तिचा पास काढलेले आत चढतात, बाकीचे मागच्या गाडीची वाट बघत इंडिकेटरकडे पाहतात.