ज्ञानाची मजुरी आणि मालकी

गिरणीतल्या कामगाराला मजुरी तुटपुंजी का असेना, पण मिळते. संशोधकाचा व्यवहार निराळा. सरकारी पैशाने तो प्रयोग करतो, निबंध लिहितो. नियतकालिकाचा प्रकाशक त्याला बहुधा एक छदामही देत नाही. निबंध तपासणारे विद्वानही फुकटच राबतात. मग हक्क प्रकाशकाच्या नावे लिहून द्यायचा आणि तोच निबंध आपल्या विद्यापीठाने वर्गणी भरून पुन्हा विकत घ्यायचा! आम्ही पुष्कळ मालकांशी वाटाघाटी केल्या. पण असला करार आमच्यापुढे ठेवण्याचे धाडस कोणी केले नाही.

१६६५ साली लंडनमध्ये हेन्री ओल्डेनबर्गने 'फिलॉसॉफिकल ट्रॅन्झॅक्शन्स' काढले, ते एकाचे शोध दुसऱ्यास कळावेत म्हणून. पुढे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्या प्रथेचा मोठा धंदा झाला.

कोंडी फुटण्याची सुरुवात एका छपाईच्या तक्रारीतून झाली. १९७७ साली अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नुथ आपल्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते पाहून खट्टू झाला. खिळ्यांची जुळणी जाऊन छायाजुळणी आली होती आणि पानांची कळा गेली होती. त्याने स्वतःच 'टेक' ही जुळणीची आज्ञावली रचली आणि सर्वांना मोकळी करून दिली. (खिळे जुळवणाऱ्यांचे पुढे काय झाले, हे विज्ञानाचे इतिहासकार सांगत नाहीत. आम्हांला ते विसरता येत नाही.) आता अवघड समीकरण साध्या अक्षरांत लिहून संगणकाच्या टपालाने पाठवता येऊ लागले. १९८३ साली रिचर्ड स्टॉलमनने 'ग्नू' योजना जाहीर केली. आज्ञावली वाचण्याचा, बदलण्याचा आणि वाटण्याचा हक्क वापरणाऱ्याला असावा, असे त्याचे म्हणणे. शास्त्रज्ञांची जुनी रीतच ही!

ऑगस्ट १९९१ मध्ये दोन गोष्टी घडल्या. हेलसिंकीत लिनस टॉरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने 'लिनक्स'ची वार्ता दिली. लॉस अलामॉसला पॉल गिन्सपार्गने भौतिकशास्त्राच्या निबंधांचे संगणकावरचे भांडार उघडले. तेच आजचे 'आर्काइव्ह'. तोवर छापण्यापूर्वीच्या प्रती मोठ्या विद्यापीठांतल्या ओळखीपाळखीतच फिरत. आता दूरच्या विद्यार्थ्यालाही निबंध त्याच दिवशी मिळू लागला, आणि हे सुकर झाले ते नुथच्या मोफत आज्ञावलीमुळे.

२००२ साली बुडापेस्टच्या जाहीरनाम्याने मुक्त प्रवेशाची मागणी जगापुढे मांडली. २०१५ साली 'लिंग्वा' या भाषाशास्त्रीय नियतकालिकाच्या संपादकांनी एकजुटीने राजीनामे दिले आणि 'ग्लॉसा' हे खुले नियतकालिक काढले. आमच्या भाषेत याला संप म्हणतात.

पण भांडवल स्वस्थ बसत नाही. वाचकाला दार उघडले, तर लेखकाकडून आकार घेण्याची पद्धत रूढ झाली. 'नेचर'ने २०२१ पासून एका निबंधाला ९,५०० युरो आकार ठेवला. आपल्या केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये मंजूर केले, त्यातून सुमारे १३,००० नियतकालिके सरकारी शिक्षण व संशोधन संस्थांना खुली झाली. कापसाच्या धुळीने फुफ्फुसे निकामी झालेल्या कामगाराची बाजू मांडायला लागणारा निबंध त्यांपैकी एखाद्यात असला, तर संघटनेच्या कार्यकर्त्याला मात्र अजून ओळखीचा प्राध्यापकच गाठावा लागतो.