सांबाराची गोष्ट आणि रसवांगीचा पुरावा

आजचा विषय खाण्याचा आहे. पोटं भरून बसला असाल तर उत्तम, नसाल तर सोबत काही घेऊन बसा.

परदेशात हल्ली एक नवा उद्योग जोरात आहे. संध्याकाळी दहा-बारा पाहुणे जमवायचे, एक गाइड द्यायचा, आणि तो त्यांना गल्लीबोळांतून पायी फिरवत चार-पाच ठिकाणी थोडं थोडं खायला घालतो. स्पेनमध्ये या छोट्या बश्यांना ‘तापास’ म्हणतात. आम्ही दोघं नवरा-बायको सेव्हिल शहरात अशा एका फेरीला गेलो होतो. त्यातलं एक दुकान, ‘एल रिन्कोनसियो’, 1670 सालचं. तो आकडा ऐकून मी जागीच थबकलो. 1670, म्हणजे तानाजी सिंहगडावर पडला ते साल. त्या दुकानात अजूनही गिऱ्हाइकाचा हिशेब समोरच्या लाकडी फळीवर खडूनं मांडतात. तिथं हरभरे घातलेली पालकाची भाजी मिळाली. तिच्यात जिरं. बायको म्हणाली, “अहो, हे तर आपल्याकडचंच.” स्पेनमध्ये अरबांची सत्ता काही शतकं होती.

‘तापा’ म्हणजे झाकण. गाइडनं सांगितलं की तेराव्या शतकातल्या दहाव्या आल्फोन्सो राजानं आजारपणात दारूबरोबर थोडं थोडं खाल्लं, बरं वाटलं, आणि मग फर्मानच काढलं की खाणाऱ्यालाच दारू द्यायची. पुढच्या दुकानात दुसरी गोष्ट. तेरावा आल्फोन्सो समुद्रकाठी बसला होता, वारा सुटला, पेल्यात वाळू जाऊ नये म्हणून वाढप्यानं वर मांसाचा काप ठेवला. एका शब्दाचे दोन राजे, आणि दोघांमध्ये साडेसहाशे वर्षांचं अंतर! स्पॅनिश अकादमीच्या कोशात या शब्दाचा हा खाण्याचा अर्थ आला तोच मुळी विसाव्या शतकात. पण पाहुण्यांना कोश नको असतो. त्यांना राजा हवा असतो.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे या जानेवारीत आम्ही अशीच एक फेरी कुंभकोणमला केली, आणि तिथंही एक राजा भेटला. या वेळी तो आपला होता.

आम्ही उतरलो होतो तिथं संध्याकाळच्या खाद्यफेरीची सोय होती. गाइड पंचविशीतला तमिळ मुलगा, चुणचुणीत, इंग्रजी सफाईदार. म्हणाला, सुरुवात शहरात करायची नाही, देवाच्या जेवणापासून करायची. म्हणून गाडीनं आधी तिरुनीलक्कुडीला नेलं. कुंभकोणमहून कारैकालच्या रस्त्याला लागलं की दोन्ही बाजूंना भाताची खाचरं, मध्येच कालवा, आणि मग हे गाव. नीलकंठेश्वराचं देऊळ. इथल्या लिंगाला तिळाच्या तेलाचा अभिषेक होतो. शंकरानं हलाहल प्यायलं, गळ्याचा दाह शमावा म्हणून हे तेल. गावकरी सांगतात की कितीही ओता, लिंग ते सगळं शोषून घेतं, आणि दुसऱ्या दिवशी पाहावं तर कोरडं. गाभाऱ्यात समईचा उजेड, तेलाचा दाट वास. आपला ‘तेल’ हा शब्द ‘तिळा’पासून आला, आणि तमिळ ‘एण्णेय्’ हा शब्दही तिळालाच धरून आहे: ‘एळ्’ म्हणजे तीळ, ‘नेय्’ म्हणजे तूप. दोन भाषा, दोन कुळं, पण दोघींनी तेलाचं नाव तिळावरून ठेवलं.

या गावाची आणखी एक गोष्ट आहे, ती मला इतिहासाचा विद्यार्थी म्हणून फार आवडते. सातव्या शतकातले शैव संत अप्पर. पल्लव राजा महेंद्रवर्म्याच्या काळात त्यांना दगडाला बांधून समुद्रात ढकललं आणि ते शिवनामाच्या बळावर तरले, अशी कथा तमिळनाडूत पोराटोरांना ठाऊक आहे. या प्रसंगाचा उल्लेख खुद्द अप्परांच्या पदात येतो, आणि ते पद नेमकं तिरुनीलक्कुडीच्या देवावर रचलेलं आहे. दगड तरंगला का, हा श्रद्धेचा प्रश्न. पण ज्याच्यावर प्रसंग गुदरला त्याचाच जबाब या गावाच्या नावानिशी हजर आहे. हे लक्षात ठेवा, पुढं लागेल.

परतीच्या वाटेवर उप्पिलियप्पन. या विष्णूच्या नैवेद्यात मीठ नाही. भूदेवी लग्नाच्या वेळी इतकी लहान की तिला स्वयंपाकात मीठ किती घालावं कळत नव्हतं. वडिलांनी ही अडचण सांगितली तेव्हा देव म्हणाला, मी बिनमिठाचं खाईन. तिथला प्रसादाचा भात मी खाल्ला. फौजेतल्या लंगरात एखाद्या दिवशी मीठ राहिलं की काय गदारोळ व्हायचा ते आठवलं. इथं सगळे मुकाट्यानं आणि आनंदानं खात होते.

अंधार पडता पडता कुंभकोणमात शिरलो. देवळांभोवतीच्या गल्ल्या, पितळेच्या भांड्यांची दुकानं, विड्याच्या पानांचे ढीग. पहिली बशी इडली आणि ‘कडप्पा’. हा या शहराचा खास पदार्थ: मूगडाळ आणि बटाटा एकत्र शिजवून, बडीशेप, खसखस, खोबऱ्याचं वाटण लावलेला पातळ रस्सा. बटाटा अमेरिकेतला. स्पॅनिश लोक त्याला ‘पताता’ म्हणतात, पोर्तुगीज ‘बताता’, आणि पोर्तुगिजांकडून आपण ‘बटाटा’ घेतला. तमिळ माणसानं मात्र त्याला स्वतःचं नाव दिलं, ‘उरुळैक्किळंगु’, गडगडणारा कंद. मिरचीही त्याच जहाजांवरून आली. सेव्हिलच्या दुकानात तिखट रश्श्यातल्या बटाट्याची बशी आली होती आणि इथं ही. दोन्ही बश्यांचं मूळ आजोळ समुद्रापल्याड एकच.

मग डिग्री कॉफी. पितळी डवरा आणि पेला, वरून फेस. ‘डिग्री’ का? गाइड म्हणाला, दुधाची शुद्धता यंत्रानं मोजायचे, त्या अंशांवरून. शेजारच्या टेबलावरचे एक गृहस्थ मध्येच म्हणाले, छे, ‘चिकोरी’चं झालंय ‘डिग्री’. दोघंही ठाम. एवढं मात्र खरं की तमिळ मध्यमवर्गाच्या घरात कॉफी रुळली ती एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला. त्याआधी सकाळी रात्रीच्या भाताचं आंबट पाणी प्यायचे. ए. आर. वेंकटाचलपति यांनी या बदलावर छान लिहिलं आहे.

इथं मुलानं विचारलं, “सर, तुम्ही महाराष्ट्रातले ना? मग पुढची गोष्ट तुमची.” आणि त्यानं ती सांगितली. तुम्हाला ती पाठ असेल. तंजावरचे शहाजी राजे, म्हणजे शिवछत्रपतींचे सावत्र भाऊ व्यंकोजी यांचे चिरंजीव. त्यांच्याकडे छत्रपती संभाजी महाराज पाहुणे आले. आमटीला आमसुलं संपली होती, मुदपाकखान्यात चिंच वापरली, महाराज खूश झाले, आणि संभाजींच्या नावावरून ‘सांबार’. आमच्या गटातली बंगळुरूची दोन मराठी मंडळी टाळ्या वाजवू लागली. माझ्याकडेही सगळ्यांनी कौतुकानं पाहिलं.

छाती फुगली, खोटं कशाला सांगू. पण फौजेत एक सवय लागते. बातमी आणली कुणी आणि बातमीत काय आहे, हे दोन वेगळे सवाल म्हणून तपासायचे. तो हिशेब इथं करून पाहू.

शहाजी गादीवर आले 1684 साली. संभाजी महाराजांची हत्या झाली मार्च 1689 मध्ये. म्हणजे भेट व्हायची तर या पाच वर्षांत. ही पाच वर्षं कशी होती? औरंगजेब दख्खनेत उतरलेला. 1686 ला विजापूर पडलं, 1687 ला गोवळकोंडा. अशा वेळी रायगड सोडून हजार किलोमीटरपेक्षा लांब तंजावरला चुलतभावाकडे पाहुणचाराला? मराठ्यांचा छत्रपती तमिळ मुलखात ठाण मांडून राहिला ते राजाराम महाराजांच्या वेळी, जिंजीला, 1689 च्या अखेरीस, आणि तेही जिवावरच्या प्रसंगात. सांबाराची गोष्ट सांगणारे त्या भेटीचा एकही समकालीन कागद पुढं करत नाहीत. दगडाला बांधलेल्या अप्परांच्या चमत्काराला निदान त्यांचा स्वतःचा जबाब आहे. आपल्या सांबाराला तेवढाही नाही!

आता आमसुलाचं घ्या. कोकम कोकणात. देशावर चिंचगुळाची आमटी घरोघरी. मराठा मुदपाकखान्याला चिंच नवी होती हे तुमच्या आजीला सांगून पाहा, ती हसेल. शिवाय डाळीत चिंच घालून केलेला कन्नड ‘हुळि’ 1648 च्या एका काव्यात येतो, म्हणजे व्यंकोजींनी तंजावर घेतलं त्याच्याही सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं आधी. आणि शब्द? संस्कृत ‘संभार’ म्हणजे साहित्य, सामग्री, मसाल्याची जमवाजमव. विदर्भात आजही सांभार म्हणजे कोथिंबीर. नागपूरकर सांभारवडी खातो तेव्हा त्याला कुणी संभाजीराजांचं नाव सांगत नाही.

मी हे त्या मुलाला सगळं सांगितलं नाही. त्याचा धंदा आहे, आणि गोष्ट आपल्यालाच खूश करायला सांगत होता बिचारा. एवढंच विचारलं, “इथं मराठी बोलणारी घरं आहेत ना अजून?” तो म्हणाला, “शेवटची बशी तिथंच आहे.”

इथं थोडा इतिहास. व्यंकोजी विजापूरकरांचे सरदार म्हणून दक्षिणेत आले आणि 1675-76 च्या सुमारास तंजावरचे राजे झाले. 1799 मध्ये दुसऱ्या सरफोजींकडून कंपनीनं कारभार काढून घेतला, 1855 मध्ये शिवाजी राजे औरस पुत्राविना वारले आणि राज्य खालसा झालं. एकूण 180 वर्षं. पुण्याची पेशवाई याहून कितीतरी कमी टिकली. कुंभकोणम या राज्यातलंच. इथून जवळच्या तिरुविसनल्लूरला शहाजींनी 1693 मध्ये विद्वानांना अग्रहार दिला, त्याचं नाव शहाजीराजपुरम. इंदूर आणि बडोद्याच्या श्रोत्यांना ठाऊक असलेले दिवाण सर टी. माधवराव 1828 मध्ये कुंभकोणमलाच जन्मले, तंजावरी मराठी घरात. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसल्यांचा वंशेतिहास मराठीत कोरलेला आहे, 1803 चा.

आणि खाण्याचा इतिहास म्हणाल तर कागदही आहेत. व्यंकोजींची राणी दीपाबाई हिच्या आश्रयाला असलेल्या रघुनाथ नवहस्त या पंडितानं ‘भोजनकुतूहल’ हा संस्कृत ग्रंथ लिहिला. पुण्याच्या भांडारकर संस्थेचे प. कृ. गोडे यांनी जिलबीचा इतिहास शोधताना तो वापरला. सरफोजींच्या काळातलं ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ सरस्वती महाल ग्रंथालयात आहे, मराठीत. ही पुस्तकं सोडून आपण सांबाराची गोष्ट का घेऊन बसतो, हे मला कळत नाही. कदाचित गोष्ट फुकट मिळते आणि पुस्तक वाचावं लागतं म्हणून.

शेवटचं घर देवळामागच्या गल्लीत. ओसरी, आत चौक, झोपाळा. सत्तरीच्या पुढच्या बाई दारात आल्या. “या, बसा,” म्हणाल्या. हेल पूर्ण तमिळ, शब्द आपले, काही तर आपल्या पणजीच्या वेळचे. पानावर भात आणि वांग्याचं दाट कालवण, हरभऱ्याची डाळ आणि खोबरं घातलेलं. नाव विचारलं. “रसवांगी.”

मंडळी, तमिळमध्ये वांग्याला ‘कत्तिरिक्काय्’ म्हणतात. ‘वांगी’ हा तमिळ शब्द नव्हे. आणि तरी तंजावर भागातल्या तमिळ ब्राह्मण घरांत, ज्यांचा मराठीशी संबंध नाही तिथंही, या पदार्थाला रसवांगीच म्हणतात. बाजूला उडदाचं पीठ दह्यात कालवलेलं. ते ‘डांगर पच्चडी’. आपलं डांगर! कारल्याचं ‘पिट्लै’ असतं, त्यात मला आपलं पिठलं ऐकू येतं, पण पदार्थ बराच वेगळा आहे, तेव्हा त्यावर पैज लावणार नाही. पोळीवरही नाही, कारण पुरण भरलेली पोळी दक्षिणेत सगळीकडे जुनी आहे. रसवांगी आणि डांगर यांच्यावर मात्र लावीन. इथं राजा नाही, पाहुणा नाही, कुणी खूश झालं नाही. कुणीतरी बाई शेजारणीकडून वाटी घेऊन आली, नाव विचारलं, आणि ते नाव तिच्या घरात राहिलं.

माझी पत्नी कृती लिहून घेऊ लागली. बाई सांगत होत्या मराठीत, आणि मध्येच पत्नीच्या वहीत डोकावून म्हणाल्या, ही अक्षरं मला येत नाहीत. शाळा तमिळ. मराठी पत्र लिहायचं तर त्या तमिळ लिपीत लिहितात. नातवंडं चेन्नईला आणि अमेरिकेत, त्यांना समजतं, बोलत नाहीत.

मग त्या आत गेल्या आणि कापडात गुंडाळलेली एक वही घेऊन आल्या. आजेसासऱ्यांच्या हातची. घरच्या कोठीचा हिशेब आहे आणि मागच्या पानांवर काही पदार्थ असावेत, असं सासूबाई सांगायच्या. घरात वाचणारं कुणी उरलं नाही. “तुम्ही महाराष्ट्रातून आलात,” त्या मला म्हणाल्या, “वाचून सांगता का?”

मी वही दिव्याखाली धरली. शाई तपकिरी, अक्षर एकटाकी, सुरेख. मोडी होती. आकडे ओळखता आले, आणि एका ओळीच्या सुरुवातीचा ‘श्री’. पुढचं मला वाचता येईना. पत्नीनं चष्मा लावून पाहिलं. बंगळुरूच्या दोघांनी फोनवर फोटो काढले. बाई थोडा वेळ माझ्या तोंडाकडे पाहत राहिल्या, मग त्यांनी वही परत कापडात बांधली आणि विचारलं, अजून थोडं रसवांगी वाढू का.