शिवलेली कंडरा जुळली का?

फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात लिहिताना आपला हात सहज वर जातो. त्यासाठी खांद्यातले चार स्नायू राबत असतात. त्यांच्या कंडरा दंडाच्या हाडाच्या गोल डोक्याला टोपीसारख्या वेढून बसतात. त्यांना मिळून ‘रोटेटर कफ’ म्हणतात. यातली कंडरा फाटली, की खांदा दुखतो आणि हात वर नेणं अवघड होतं. शस्त्रक्रिया करून कंडरा पुन्हा हाडाला शिवता येते. पण आत ती जुळून आली की नाही, हे कसं ओळखायचं?

बोस्टनचे शल्यविशारद अर्नेस्ट कॉडमन यांनी अशा शस्त्रक्रियेची हकिकत 1911 साली प्रसिद्ध केली. प्रत्येक रुग्णावर पुरेसा काळ लक्ष ठेवावं, गुण आला का ते पाहावं, आला नसेल तर कारण शोधावं, हा त्यांचा आग्रह होता. त्यापायी त्यांनी सहकाऱ्यांचा रोषही ओढवून घेतला. पण साधन तोकडं होतं. क्ष-किरणांच्या साध्या चित्रात हाड उमटतं, कंडरा नाही. दुखतं का, हात किती वर जातो, एवढ्यावरच भिस्त.

कंडरा दिसू लागली ती भौतिकशास्त्राच्या वाटेनं. चुंबकीय क्षेत्रातली अणुकेंद्रकं ठरावीक वारंवारतेच्या रेडिओलहरींना प्रतिसाद देतात, हे ब्लॉक आणि पर्सेल यांनी 1946 मध्ये घन-द्रव पदार्थांत दाखवलं. क्षेत्राची तीव्रता जागेनुसार बदलती ठेवली, तर प्रतिसाद नेमका कुठून आला तेही कळेल, ही युक्ती लॉटरबर यांनी 1973 मध्ये वापरली आणि पाण्याच्या बारीक नळ्यांचं चित्र मिळवलं. मॅन्सफिल्ड यांनी चित्रण वेगवान केलं. दोघांना 2003 चं नोबेल मिळालं. हेच एमआरआय.

गंमत अशी, की निरोगी कंडरा या चित्रात काळी दिसते! तिच्यातलं पाणी कोलॅजेनच्या तंतूंशी जखडलेलं असतं. त्याचा संदेश यंत्रानं टिपण्याआधीच विरून जातो. फटीत साचलेलं मोकळं पाणी मात्र योग्य पद्धतीनं घेतलेल्या चित्रात पांढरं चमकतं. काळ्या पट्ट्यात आरपार पांढरी रेघ दिसली, तर कंडरा पुन्हा फाटल्याची शंका घ्यायची. जपानमधल्या सुगाया यांनी कंडरेची जाडी, चमक आणि सलगता पाहून 2005 च्या सुमारास पाच प्रकार मांडले.

मग प्रश्न सुटला? नाही. 1999 मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी शस्त्रक्रियेनंतर कसलीही तक्रार नसलेले खांदे तपासले. बहुतेकांत कंडरेचं चित्र ‘निरोगी’ नव्हतंच. भरणारी जखमही काही काळ चमकते. 2004 मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात मोठी फाट शिवलेल्या 18 जणांना वर्षानंतर ध्वनिलहरींनी तपासलं. 17 जणांची कंडरा पुन्हा फाटलेली होती, तरी बहुतेकांचं दुखणं कमी झालं होतं. मात्र दोन वर्षांनंतर पाहिलं, तेव्हा सुधारणा काहीशी ओसरलेली आढळली. उलट, जुळलेल्या कंडरेच्या खांद्यात ताकद अधिक असते, असं इतर अभ्यास सांगतात.

म्हणजे चित्र आणि माणूस, दोन्ही तपासायला हवेत, तेही एकदाच नव्हे. आपल्याला आता खांद्याच्या आत डोकावता येतं; पण कॉडमन यांनी सांगितलेलं ‘पुरेसा काळ’ पाहणं काही यंत्रानं वाचवलेलं नाही.