परमुलखात भाकरी पेरणारा शिपाई : पांडुरंग खानखोजे



वर्धापन दिनाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा कार्यकर्त्यांनी आग्रह धरला. मी काही लेखक नाही. जन्म जिनिंगमध्ये गेला. रात्रपाळीला मशीन बंद पडली की सरकीच्या ढिगाला टेकून वाचायचो. त्या वाचनातून कळलेल्या एका माणसाची हकीकत तुमच्यापुढं ठेवतो. चुकलंमाकलं सांभाळून घ्यावे.

आपल्या जिल्ह्याला लढाई नवी नाही. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आसई गावाजवळ इंग्रज आणि मराठे यांची मोठी लढाई झाली. इंग्रज सेनापती वेलस्लीचे नाव शाळेच्या पुस्तकात येते. परंतु दोन्ही बाजूंना उभे असलेले बहुतेक शिपाई याच देशातले, पोटासाठी पलटणीत गेलेले होते. त्यांची नावे कोणी लिहून ठेवली? लढाई संपल्यावर त्या शिपायांचे काय झाले, हे विचारायला कोण गेलं?

पुढे इंग्रजांच्या पलटणीतला शिपाई समुद्रापलीकडे गेला. १८९७ साली राणीच्या राज्याला साठ वर्षे झाली आणि १९०२ साली नव्या राजाचा राज्याभिषेक झाला, त्या वेळी हिंदी पलटणी विलायतेला नेल्या होत्या. त्यातले काही शिपाई कॅनडातून आले-गेले, त्यांनी तो मुलूख पाहिला. नोकरी सुटल्यावर पंजाबचे कितीतरी माजी शिपाई कॅनडात आणि अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर जाऊन राहिले. तिथं त्यांना काम मिळालं ते लाकूड कापायच्या गिरण्यांमध्ये. गोऱ्या कामगारापेक्षा मजुरी कमी आणि वरून अपमान. ४ सप्टेंबर १९०७ रोजी बेलिंगहॅम या गावी गोऱ्या लोकांच्या जमावाने हिंदी गिरणी कामगारांना मारहाण करून गावाबाहेर हाकलले. ज्या साम्राज्यासाठी छातीवर गोळ्या झेलल्या, ते साम्राज्य मदतीला आलं नाही. तेव्हा १९०९ साली व्हँकूव्हरच्या गुरुद्वाऱ्यात ठराव झाला की, इंग्रजांनी दिलेली पदके आणि गणवेश कोणी अंगावर घालायचे नाहीत. बंधूंनो, पदक काढून ठेवायला किती मोठे मन लागत असेल, याचा विचार करा. घरात खायला नसले तरी आपले म्हातारे पेन्शनचा कागद आणि बिल्ला पेटीत जपून ठेवायचे.

या गिरणी कामगारांमध्ये वर्ध्याचा एक मराठी तरुण मिसळला. त्यांचे नाव पांडुरंग सदाशिव खानखोजे. टिळकांच्या विचाराने भारलेले, इंग्रजांशी लढायचे म्हणून देश सोडलेले. अमेरिकेत त्यांनी मोलमजुरी केली, कॅलिफोर्नियात लष्करी शिक्षण घेतले आणि सोबत शेतीशास्त्राची पदवीही मिळवली. १९१३ साली स्थापन झालेल्या गदर पक्षाच्या उभारणीत ते होते. त्याच १९१३ साली सुभेदार रामजींचे चिरंजीव, आपले बाबासाहेब, अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला न्यूयॉर्कमध्ये शिकायला उतरले. एकाच वर्षी दोन मराठी माणसे, दोन वाटा! एकाने बंदूक जवळ केली, दुसऱ्याने पुस्तक.

१९१४ ला महायुद्ध पेटले. खानखोजे तुर्कस्तानमार्गे इराणात गेले आणि तिथल्या टोळ्यांबरोबर इंग्रजांविरुद्ध लढले. समोर इंग्रजांच्या फौजेत कोण? पुष्कळसे हिंदी शिपाईच! आसईला झाले तेच पुन्हा झाले, गरीब गरिबाच्या समोर. खानखोजे जखमी झाले, पकडले गेले, निसटले. पुढे युरोपात भटकले, १९२१ ला मॉस्कोलाही जाऊन आले. मायदेशाचे दार बंद होते. शेवटी १९२४ साली ते मेक्सिकोला गेले आणि तिथेच स्थायिक झाले.

आता खरी गोष्ट सुरू होते. मेक्सिकोत १९१० पासून क्रांती झाली होती. झापाटा नावाच्या शेतकरी पुढाऱ्याने जमीन कसणाऱ्याची, ही मागणी लावून धरली आणि १९१९ ला तो मारला गेला. १९१७ च्या राज्यघटनेने गावांना जमीन द्यायची वाट मोकळी केली. पण जमीन हाती आली म्हणजे पीक आले असे होते का? आपल्याकडे १९६४ ला दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा सत्याग्रह झाला, लोक तुरुंगात गेले. ज्यांनी गायरान वहितीला आणले त्यांना विचारा. बैल नाही, विहीर नाही, बियाणे उसने, आणि शिकवणारे कोणीच नाही.

खानखोजे यांनी नेमका हा धागा पकडला. चापिंगोच्या राष्ट्रीय शेतकी विद्यालयात ते प्राध्यापक झाले. परंतु तेवढ्यावर न थांबता त्यांनी गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतकी शाळा काढल्या. त्यातल्या एका शाळेला झापाटाचे नाव दिले. मक्याच्या आणि गव्हाच्या जातींवर त्यांनी संशोधन केले. मका तिथल्या गरिबाची भाकरी, जशी आपली ज्वारी-बाजरी. दिएगो रिव्हेरा या थोर चित्रकाराने मेक्सिकोच्या शिक्षण खात्याच्या इमारतीत ‘आपली भाकरी’ हे भिंतीचित्र काढले, त्यात जेवणाच्या मेजावर भाकरी मोडून देणारा माणूस खानखोजेंच्या चेहऱ्याचा आहे. बंदूक घेऊन घर सोडलेल्या माणसाचे चित्र भाकरी वाटताना काढले गेले, यापेक्षा मोठे पदक कोणते?

१९५५ साली ते परत येऊन नागपूरला राहिले आणि २२ जानेवारी १९६७ ला वारले. त्याच्या आदल्याच वर्षी, १९६६ ला, भारताने मेक्सिकोहून १८,००० टन गव्हाचे बियाणे आणले होते. मेक्सिकोने त्यांची आठवण ठेवली. सप्टेंबर २०२२ मध्ये चापिंगोला त्यांच्या पुतळ्याचे अनावरण आपल्या लोकसभेच्या अध्यक्षांच्या हस्ते झाले. आपल्याकडे मात्र विचारलं तर शंभरात एखादाच नाव सांगेल.

कोणी म्हणेल, टिळकांच्या पठडीतला माणूस, आपल्या स्मरणिकेत कशाला? मी म्हणतो, माणूस कुठून निघाला यापेक्षा तो कुणाच्या दारात जाऊन थांबला ते बघावे. ते भूमिहीनाच्या दारात थांबले आणि आपले ज्ञान फी न घेता देऊन टाकले.

आपले जालना आज देशभर बियाण्यासाठी ओळखले जाते. १९६४ पासून इथे संकरित बियाण्याचा उद्योग वाढला. त्या शेतांवर परागीकरणाला, पाखडायला, पोती उचलायला आपलेच बायामाणसं जातात. हाताला बियाणे कळते, पण त्यामागचे शास्त्र आपल्या पोरांना कोण शिकवणार? माझी नम्र सूचना आहे की आठवड्यातून एक दिवस विहारात शेतकी शिक्षणाचा मोफत वर्ग सुरू करावा. शिकवायला शेतकी कॉलेजात शिकणारी आपली मुले आहेत. सतरंजी टाकायला मी येतो.

जयभीम!